दुर्बीण नसलेली रायफल: माशी, खाच आणि आपल्या नजरेची हद्द

रानवाटकरी (धागाकर्ता)

पेनसिल्व्हेनियातील हरणांच्या रायफल हंगामाला अजून तीन महिने अवकाश आहे. परंतु एका गोष्टीचा निर्णय आताच करावा लागणार असल्यामुळे हा धागा काढत आहे. गेली सहा वर्षे मी दुर्बीण बसवलेल्या बोल्ट ॲक्शन रायफलीने शिकार करतो. यंदा आमच्या रस्त्यावरील एका वृद्ध गृहस्थांनी, गुडघे साथ देईनासे झाल्यामुळे, स्वतःची मार्लिन 336 मला विकली. .30-30 काडतुसाची, लिव्हर ओढून भरायची, 20 इंची नळीची ही रायफल आहे आणि तिचा अक्रोडाचा दस्ता गाल टेकण्याच्या जागी झिजून तुळतुळीत झाला आहे. तिच्यावर दुर्बीण कधीच नव्हती. नळीच्या टोकाला पितळी मण्याची माशी आणि मागे बैलाच्या शिंगांसारखी दोन्ही बाजूंनी वर वळलेली खाच, एवढेच नेम धरण्याचे साधन. पैसे मोजून घेतल्यावर त्यांनी अट घातली की निदान एक हंगाम तरी हिच्यावर काच चढवायची नाही.

अट ऐकायला गोड वाटली. नेमबाजीच्या मैदानावर मात्र तिची किंमत कळली. 9 इंची कागदी थाळ्या लावून मी बसून गोळ्या झाडल्या. 50 यार्डांवर पाचही गोळ्या थाळीत पडल्या. 100 यार्डांवर पाचांपैकी दोन बाहेर गेल्या आणि त्यांतील एक थाळीच्या आसपासही नव्हती. व्हाइटटेल हरणाच्या छातीतील हृदय आणि फुप्फुसांची जागा साधारण 8 इंचांची असते, हे लक्षात घेतले तर त्या दोन गोळ्यांचा अर्थ काय होतो हे वेगळे सांगायला नको.

दुर्बिणीविना शिकार करणारे कोणी येथे असल्यास त्यांनी आपला अनुभव सांगावा. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे, असे माझेही मत आहे. येथे प्रशिक्षण, परवाना आणि ठरावीक हंगाम यांच्या चौकटीत शिकार चालते. ती असावी की नसावी यावर पूर्वी दोन धागे शंभरीपार गेलेले असल्यामुळे या धाग्यावर कृपया तो विषय नको.

चष्मेवाला

तुमचे वय किती, हे लिहिलेले नाही. पण थाळीबाहेर गेलेल्या गोळ्यांवरून पंचेचाळिशी ओलांडली असावी, असा माझा अंदाज आहे. राग मानू नये, मी स्वतः एकोणपन्नास वर्षांचा आहे.

उघड्या साईटमधील, म्हणजे माशी आणि खाच यांच्या जोडीतील, खरी अडचण अशी की डोळ्याला एकाच वेळी तीन वस्तू स्वच्छ बघायला सांगितले जाते. मागची खाच डोळ्यापासून जेमतेम दीड फुटावर, माशी तीन फुटांच्या आत आणि हरीण 80 यार्डांवर. डोळ्याचे भिंग एका वेळी एकाच अंतराला जुळते. तरुणपणी ते इतक्या झटकन पुढेमागे होते की तिन्ही एकदम दिसल्याचा भास होतो. चाळिशीनंतर भिंग ताठरते, खाचेच्या कडा लोकरीसारख्या दिसू लागतात आणि माणूस बिचाऱ्या रायफलीला दोष देतो.

चुकीचे गणितही पाहा. तुमच्या मार्लिनवर खाच ते माशी हे अंतर सुमारे 16 इंच असेल. माशी खाचेत पाव मिलिमीटर जरी एका बाजूला सरकली, तरी 100 यार्डांवर गोळी सव्वादोन इंच सरकते. पाव मिलिमीटर म्हणजे जाड कागदाची जाडी. धूसर खाचेत तेवढी चूक कोणाचीही होते, त्यात हाताचा कंप आणि काडतुसाचा स्वतःचा फैलाव मिळवा, की थाळी संपली.

यावर दुर्बिणीखेरीज एक जुना उपाय आहे, तो म्हणजे पीप साईट. खाच काढून टाकायची आणि रायफलीच्या मागच्या भागावर, डोळ्याजवळ, बारीक भोकाची चकती बसवायची. अमेरिकेत विल्यम लायमन यांनी अशा साईटचे पेटंट 1879 मध्ये घेतले, म्हणजे हे काही नवे खूळ नाही. भोकाकडे पाहायचेच नसते, त्यातून पाहायचे असते. गोल चौकटीचा मध्य डोळा आपोआप शोधतो, त्यामुळे जुळवायच्या तीन वस्तूंच्या दोनच उरतात. शिवाय बारीक भोकातून येणाऱ्या प्रकाशामुळे माशी आणि हरीण दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात. लहानपणी मुठीच्या फटीतून फळ्यावरचे अक्षर वाचले असेल, तर तोच हा प्रकार. साईट मागे गेल्यामुळे ते 16 इंचांचे अंतर 25 च्या आसपास जाते आणि त्याच पाव मिलिमीटरची चूक दीड इंचाच्या आत येते.

त्या गृहस्थांची अट काचेची आहे. भोकाला काच नसते.

फियोर्डकाठी

मी नॉर्वेत राहतो आणि रेनडिअरच्या शिकारीला जातो, त्यामुळे थोडा विरोधी सूर लावतो. येथे मोठ्या प्राण्यांच्या शिकारीसाठी नेमबाजीची चाचणी द्यावी लागते. 100 मीटरवर रेनडिअरचे चित्र असते आणि त्यावरील 30 सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात पाचही गोळ्या बसाव्या लागतात. चारांवर कोणी उत्तीर्ण करत नाही. पहिल्या वर्षी मी हौसेने उघड्या साईटची रायफल घेऊन गेलो आणि चौथ्या गोळीला बाहेर पडलो. दुर्बीण लावून परत गेलो तेव्हा पाचही गोळ्या माझ्या तळहाताएवढ्या जागेत होत्या. त्या दोन चाचण्यांच्या मधल्या पंधरवड्यात मी काही मोठा नेमबाज झालो नव्हतो.

दुर्बीण म्हणजे लबाडी आणि माशी म्हणजे मर्दुमकी, असा एक सूर या विषयावर नेहमी लागतो, तो मला पटत नाही. प्राण्याला आपल्या हौसेशी कर्तव्य नसते. गोळी फुप्फुसांत बसली तर तो काही सेकंदांत कोसळतो आणि पोटात बसली तर तासन्‌तास तडफडतो. उजेडाचा मुद्दा तर वादातीत आहे. 4×32 च्या, म्हणजे चार पट मोठे दाखवणाऱ्या आणि 32 मिलिमीटर भिंगाच्या, साध्या दुर्बिणीतून डोळ्यात शिरणारा प्रकाशझोत 8 मिलिमीटर रुंद असतो; तो बाहुली पूर्ण उघडली तरी तिला पुरून उरतो. संधिप्रकाशात नुसत्या नजरेला ज्या जागी काळा ठिपका दिसतो, तेथे दुर्बिणीत खांदा आणि पाय वेगळे दिसतात.

कुडाळकर

धागा वाचून आजोबांची बाराबोर आठवली. आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बंदूक असे. तिच्या नळीवर पुढे मोहरीएवढी माशी होती आणि मागे काहीही नव्हते. मी लहानपणी विचारले, की मागे खाच का नाही, तर आजोबा म्हणाले, "तुझा डोळा हीच खाच." दस्ता गालाला रोज एकाच जागी टेकला तरच डोळा एका जागी येतो, हे त्यांचे म्हणणे होते. नवीन माणसाने ती बंदूक उचलली की ते नेमाकडे बघत नसत, गालाकडे बघत.

पण बाराबोर छर्ऱ्यांची असते. ती रोखायची असते, तिचा रायफलीसारखा नेम धरायचा नसतो. आणि भाताच्या खाचरातून निघालेले रानडुक्कर वीसपंचवीस पावलांवर असे. एवढ्या अंतरावर दुर्बीण लावली तर तिच्यात नुसते केस दिसतील. आता रानडुकराने कितीही नासधूस केली तरी वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय बार टाकता येत नाही, हेही नोंदवून ठेवतो. नाहीतर कोणी हे वाचून उत्साहात यायचा.

रानवाटकरी

चष्मेवाले, अंदाज बरोबर आहे. सत्तेचाळीस.

फियोर्डकाठी, तुमचा मुद्दा मी नाकारत नाही. पण तुमचे उघडे पठार आणि आमचे रान यांत फरक आहे. ओक, मेपल आणि हेमलॉकच्या या जंगलात 100 यार्ड स्वच्छ दिसणे हीच चैन आहे. माझी सहा वर्षांतील चारही हरणे 75 यार्डांच्या आत पडली आहेत. आणखी एक तर 15 यार्डांवर आले होते आणि दुर्बीण चुकून 9 पटींवर ठेवलेली असल्यामुळे मला त्यात फक्त करड्या रंगाचे कापड दिसत होते. पट कमी करेपर्यंत ते निघून गेले, म्हणून ते या चारांत नाही.

आणखी एक अडचण मात्र आमच्याकडची आहे. 2002 पासून येथे नराच्या शिंगांच्या टोकांची अट आहे. राज्याच्या बहुतेक भागांत प्रौढ शिकाऱ्याने एका बाजूला किमान 3 टोके असलेलाच नर मारायचा असतो. झाडीत उभ्या असलेल्या नराची टोके उघड्या साईटमागून मोजता येणे अशक्य आहे. म्हणजे गळ्यात वेगळी दुर्बीण हवीच. एका अर्थी ते बरेच आहे, कारण रायफलीवर दुर्बीण असली की काही लोक तिचाच वापर चाहूल कसली आहे हे पाहण्यासाठी करतात. मागे एकदा सकाळी समोरच्या उतारावरील मनुष्य रायफल माझ्याकडे रोखून मी कोण आहे ते पाहत होता. नियमाप्रमाणे डोक्यावर, छातीवर आणि पाठीवर मिळून 250 चौरस इंच नारिंगी रंग माझ्या अंगावर होता. तरीही त्याला काचेतून खात्री करून घ्यावीशी वाटली.

निशाणी

मी शिकार करत नाही. महाविद्यालयात असताना एनसीसीच्या .22 रायफलीवर मात्र बरीच वर्षे काढली आहेत. हवालदार उस्ताद आमच्या मागे उभे राहून "फोरसाईट टिप" एवढे दोनच शब्द ओरडत. लक्ष्य धूसर दिसले तरी चालेल, पण माशीचे टोक लख्ख दिसले पाहिजे, असा त्याचा अर्थ. नवखा माणूस नेमके शेवटच्या क्षणी लक्ष्याकडे पाहतो आणि गोळी वाया घालवतो. ग्रुपिंगचा कागद पाहून उस्ताद ओळखत, की कोणी लक्ष्याकडे डोकावले आणि कोणी चाप हिसकला. डोकावणाऱ्याचे छिद्र बहुधा वर गेलेले असे, कारण लक्ष्य नीट दिसावे म्हणून तो मान उंचावतो.

धागाकर्त्यांनी 100 यार्डांवरच्या त्या दोन गोळ्या कोणत्या बाजूला गेल्या, ते सांगावे.

रानवाटकरी

दोन्ही वर आणि थोड्या उजवीकडे. आता लाज वाटते आहे.

घोटूल

मी कोलोरॅडोत राहतो. येथे सप्टेंबरच्या मध्यात ठासणीच्या बंदुकांचा वेगळा हंगाम असतो आणि त्यात दुर्बीण लावायला नियमानेच मनाई आहे. त्यामुळे मला पर्याय नव्हता. एल्क (एक मोठे हरीण) मारायचा तर उघड्या साईटने, नाहीतर घरी बसायचे. तो काळ एल्कच्या माजाचा. नर शिटीसारखी आरोळी देतात, आपण प्रत्युत्तर द्यायचे, वारा तोंडावर ठेवून पुढे सरकायचे. ही शिकार पायांची आणि कानांची आहे आणि डोळ्याचे काम अगदी शेवटी येते. दुर्बीण नसली की अंतर चालूनच कमी करावे लागते, हे तेथे शिकलो. पण शिकण्याआधी एक प्राणी जखमी केला. तो प्रसंग सांगतो, कारण आतापर्यंत कोणी माशीवर पडणाऱ्या उजेडाबद्दल लिहिलेले नाही.

माझ्या बंदुकीवरही पितळी मणीच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गवताळ मोकळ्या जागेच्या पलीकडे एक नर उभा होता. सूर्य नुकताच वर आलेला आणि माझ्या डाव्या हाताला होता. अंतर मी 90 यार्ड धरले. मणी खांद्यामागे ठेवला आणि चाप ओढला. धूर विरला तेव्हा नर मागच्या अंगाने लंगडत झाडीत शिरत होता.

नंतर पावलांनी मोजले तेव्हा अंतर सुमारे 140 यार्ड निघाले. मोकळ्या मैदानात अंतर बहुधा कमी वाटते. दुसरी चूक उजेडाची होती. गोल पितळी मण्यावर डावीकडून ऊन पडले, की त्याची डावी कडा सोन्यासारखी चमकते आणि उजवी अर्धी बाजू सावलीत जाते. डोळा त्या चमकत्या कडेलाच संपूर्ण मणी समजतो आणि तीच खाचेच्या मध्यावर आणतो. प्रत्यक्षात मणी उजवीकडे सरकलेला असतो आणि गोळीही उजवीकडे जाते. गोळी उजेडापासून दूर पळते, असे म्हणतात ते यामुळे. नर डावीकडे तोंड करून उभा होता, म्हणून उजवीकडे म्हणजे मागच्या मांडीकडे.

रक्ताचे थेंब पहिल्या दोनशे यार्डांत होते, मग गवताच्या पात्यांवर मोहरीएवढे, मग नाहीत. मी अंधार पडेपर्यंत आणि दुसरा पूर्ण दिवस शोधत राहिलो. सापडला नाही.

तेव्हापासून दोन गोष्टी करतो. पहाटे निघण्यापूर्वी मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून माशीवर काजळी धरवतो. काळी माशी कोणत्याही बाजूच्या उन्हात काळीच दिसते. गडद रानात ती थोडी हरवते, हे खरे. पण आपण कोठे चुकत आहोत हे तरी कळते. दुसरी गोष्ट अंतराची. एक सोळांश इंचाची माशी डोळ्यापासून 34 इंचांवर असेल, तर ती 100 यार्डांवर साडेसहा इंच जागा झाकते. तुमच्या हरणाची छाती पाठीपासून खालपर्यंत साधारण 16 इंच धरा. माशी त्या उंचीच्या निम्मी दिसू लागली, की हरीण 120 यार्डांच्या पुढे आहे आणि तुम्ही चापावरून बोट काढायचे. अंतर मोजायचे यंत्र खिशात असते, मलाही ते आवडते. परंतु हे माप बंदुकीवरच आहे आणि ते बघायला हात हलवावा लागत नाही.

फियोर्डकाठी

घोटूल, मोकळेपणाने लिहिल्याबद्दल आभार. मात्र तुमच्याच प्रसंगात दुर्बीण असती तर उजेडाची चूक झालीच नसती आणि अंतराची चूकही बऱ्याच अंशी पचली असती, एवढे तर तुम्हीही मान्य कराल.

घोटूल

उजेडाची मान्य. अंतराची मान्य नाही. दुर्बीण असती तर मी 90 ऐवजी 250 चा अंदाज करून चुकलो असतो. तेव्हा मला थांबता येत नव्हते, हा दोष साईटचा नव्हता.

चष्मेवाला

या दोघांमध्ये पडत नाही. धागाकर्त्यांना एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. पीप साईटबरोबर लहान भोकाची चकती येते, ती कागदी लक्ष्यासाठी असते. ती आट्यांवरून फिरवून काढा आणि रिकामी कडी तशीच ठेवा. कडीचे भोक मोठे वाटेल आणि नेम ढिला होईल अशी भीती वाटेल, पण तसे होत नाही. उलट सकाळसंध्याकाळच्या उजेडात तेवढ्याच मोठ्या भोकातून दिसते. पाऊस वा हिम अडकले तर फुंकर मारली की मोकळे. दुर्बिणीच्या काचेवर थंडीत आपलाच श्वास गोठतो, तेव्हा फुंकरीने काम वाढते.

गोळी डावीउजवीकडे जुळवताना मागची साईट गोळी जिकडे न्यायची तिकडे सरकवावी, माशी हलवायची असल्यास बरोबर उलट. माशीचा पाया ठोकायला पितळी दांडी वापरावी. मी पेचकसाने ठोकला होता आणि तो ओरखडा अजून मला रोज बघतो.

रानवाटकरी (डिसेंबर)

हंगाम संपला. उशिरा लिहीत आहे, पण सविस्तर लिहितो.

पीप साईट बसवली, चकती काढून टाकली. सप्टेंबरपासून दर शनिवारी वीस गोळ्या, त्यांपैकी निम्म्या झाडाला टेकून आणि निम्म्या गुडघ्यावर. निशाणीताईंचे "फोरसाईट टिप" मोठ्याने म्हणत असे, त्यामुळे शेजारच्या पाटावरील लोक माझ्याकडे पाहत. ऑक्टोबरच्या शेवटी बसून 100 यार्डांवर पाचही थाळीत येऊ लागल्या. गुडघ्यावरून मात्र 75 च्या पुढे भरवसा नव्हता, म्हणून हद्द 75 ठरवली आणि बसायच्या जागेभोवती 75 पावलांवरच्या झाडांची नावे मनाशी पाठ केली. फाटका ओक, जुळे मेपल, पडका हेमलॉक.

पहिल्या शनिवारी सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी एक नर आला. कायद्याने अजून दहा मिनिटे होती. गळ्यातील दुर्बिणीत शिंगांची टोके मोजता आली, डावीकडे चार. रायफल उचलली, तर कडीतून हरीण दिसत होते, पण काजळी धरलेली माशी त्याच्या अंगात विरघळून गेली होती. मी माशी आभाळावर धरली की ती दिसे, खांद्यावर आणली की नाहीशी होई. असे तीनदा केले. फियोर्डकाठी यांची आठवण झाली, हे कबूल करतो. जुन्या रायफलीने तो नर घरी आला असता. तो जुळ्या मेपलांमधून निवांत निघून गेला.

दुसऱ्या आठवड्यात, रात्री पडलेल्या हिमावर, सकाळी नऊच्या सुमारास एक मादी आणि मागे दोन पाडसे उताराने खाली आली. माझ्याकडे मादीचा परवाना होता. पाडसे त्या वर्षाचीच, पण चांगली वाढलेली. मी मोठीची वाट पाहिली. ती फाटक्या ओकाच्या अलीकडे आडवी उभी राहिली. कडी कधी दिसेनाशी झाली ते कळलेच नाही. पांढऱ्या हिमावर करडे अंग आणि त्यावर काळी माशी, एवढेच राहिले. लिव्हर ओढून दुसरे काडतूस चढवले तोवर ती तीस पावले पळून पडली होती. नंतर मोजले, 58 पावले. गोळी खांद्यामागे, मला हवी होती त्यापेक्षा दोन बोटे वर.

संध्याकाळी मांसाचा वाटा घेऊन त्या गृहस्थांकडे गेलो. त्यांनी रायफल हातात घेतली, कडीतून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, पुन्हा पाहिले आणि ही वस्तू कोठे मिळते, असे विचारले.

आता प्रश्न असा आहे. संधिप्रकाशासाठी माशीला रंग लावावा म्हणतो. पांढरा हिमात हरवेल आणि घरात असलेली लाल नेलपॉलिश अंधारात काळीच दिसते. कोणी नारिंगी वापरून पाहिला आहे का?

घोटूल

आधी पांढऱ्याचा एक हात द्या, वाळू द्या, मग वर चमकदार नारिंगी. थेट धातूवर लावला तर तो मंद दिसतो. आणि फक्त डोळ्याकडच्या सपाट तोंडावर लावा, गोलाईवर नको. नाहीतर उजेडाची तीच कहाणी पुन्हा.